औषध लढते, पण एकटे नव्हे

चारठाण्याला आमच्या घरी पावसाळ्यात शिळ्या भाकरीवर बुरशी धरली, की ती उकिरड्यावर जाई. पण तसल्या बुरशीचे कण रोज श्वासाबरोबर आपल्या फुप्फुसांत जातात आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांचा फडशा पाडतात. २०२१ साली करोनापाठोपाठ महाराष्ट्रात ‘काळी बुरशी’ फोफावली, ती मुख्यतः मधुमेहाने व स्टेरॉइडने हे शिपाई लुळे पडले म्हणून. अँफोटेरिसिन हे औषध बुरशीच्या पेशींच्या आवरणाला भोके पाडते, शिवाय पांढऱ्या पेशींना डिवचून लढायला लावते. पण शिपाईच लुळे असतील, तर औषध एकटे किती पुरणार? कित्येकांचा डोळा, जबडा काढावा लागला. तेव्हा वाचकहो, फराळाला बसण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांची रक्तातली साखर एकदा तपासून घ्या!