भाकरी ताकद देते, पाळणा लांबवत नाही



पेठ-सुरगाण्याची नागली असो की सिन्नर-येवल्याची बाजरी, आपली भाकरी मोलाची आहे. १०० ग्रॅम नागलीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असते. बाजरीतून लोह मिळते.

पण ‘बाजरी उष्ण, पपई उष्ण, ती खाल्ली की दिवस राहत नाहीत’ या समजुतीवर विसंबू नका. पाळीचा कारभार शरीरातल्या हार्मोन्सवर चालतो. एका पदार्थाने तो थांबत नाही. मात्र उपासमारीने वजन फार घटले तर पाळी चुकते. नुसती बाजरीच खाण्यात असेल आणि आयोडीन कमी पडले, तर गळ्यातली थायरॉईड ग्रंथी बिघडते. मग पाळीही बिघडते. म्हणून मीठ आयोडीनयुक्तच घ्या. भाकरीसोबत डाळ, पालेभाजी हवीच.

वर्षभर वाट पाहूनही मूल होत नसेल, तर सुनेच्या ताटाला दोष देऊ नका. नवरा-बायको दोघांनीही तपासून घ्यावे. पुरुषांनी तंबाखू, दारू सोडावी. त्याने बीज कमजोर होते.

पाळणा लांबवायचा असेल, तर निरोध, तांबी, माला-एन व छाया गोळ्या, अंतरा इंजेक्शन ही साधने सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. आशाताईंना विचारा. दोघांनी मिळून ठरवा.

पोटासाठी भाकरी, पाळण्यासाठी साधन!