गोळी चुकवू नका, ताट वेगळे करू नका
एचआयव्हीचे औषध सुरू झालेल्या घरच्या माणसाची भूक परत कशी आणावी?



समजा, चिरनेरमधल्याच एका घरात धाकटा भाऊ आजारी आहे. अंग रोडावले, ताप येत-जात राहिला. रक्त तपासले तेव्हा एचआयव्ही निघाला आणि सरकारी केंद्रातून औषध सुरू झाले. घरच्यांना वाटले, आता बरा होईल. वहिनीने गरम भाकरी, कडव्या वालांचे कालवण, वर मासळीचा तुकडा असे मायेने वाढले. त्याने दोन घास खाल्ले आणि ताट सरकवले. "वैनी, नको. घशाखाली उतरतच नाही."

मग घरात कुजबुज सुरू होते. कोणी म्हणते, "औषध उष्ण पडलं. चार दिवस बंद ठेवू या."

थांबा! चूक होते ती इथेच. औषध बंद केले की दबलेला विषाणू पुन्हा उचल खातो आणि मग तीच गोळी लागू पडेनाशी होण्याचा धोका असतो. गोळी चालू ठेवूनच भूक परत आणायची आहे. हे काम दवाखाना आणि घरची चूल, दोघांनी मिळून करायचे आहे.

भूक का मरते?

भूक मरण्याचे कारण नेहमी गोळीच असते असे नाही. पुढील कारणे तपासावीत :

१) आजार स्वतःच भूक मारतो. शरीर रोगाशी झगडत असते, त्यामुळे त्याला जास्त अन्न लागते. एचआयव्हीबरोबर दुसरा आजार असेल तर नेहमीपेक्षा २० ते ३० टक्के जास्त. पण खावेसे मात्र वाटत नाही.

२) नवी गोळी. पहिले काही दिवस मळमळ, डोकेदुखी, झोप न लागणे असा त्रास काहींना होतो. बहुतेकांचा तो दोन-चार आठवड्यांत कमी होतो.

३) तोंड येणे. जिभेवर, टाळ्यावर दह्यासारखा पांढरा थर दिसला तर ती बुरशी असते. गिळताना छातीत दुखत असेल तर ती अन्ननलिकेत उतरलेली असू शकते. यावर औषध आहे.

४) क्षयरोग. खोकला, ताप, रात्री घाम आणि वजन उतरणे, यांपैकी एक जरी लक्षण असले तरी क्षयाची तपासणी करून घ्यावी. एचआयव्ही आणि क्षय पुष्कळदा जोडीने येतात. दोन्ही औषधे चालू असतील तर दोन्हीकडच्या डॉक्टरांना तसे सांगावे, कारण गोळीची मात्रा बदलावी लागते.

५) मनाची उदासी. "आता माझं काय उरलं?" असे ज्याला वाटते त्याला अन्न गोड कसे लागेल?

गोळी केव्हा द्यावी?

आज बहुतेक मोठ्या माणसांना दिवसातून एकदाच गोळी घ्यावी लागते. तिच्यात तीन औषधे एकत्र असतात. वेळ रोज एकच ठेवावी. ही गोळी जेवणाआधी किंवा जेवणानंतर, केव्हाही चालते. मळमळत असेल तर थोडे खाऊन घ्यावी. झोप मोडत असेल तर सकाळी घेता येईल का, ते केंद्रात विचारावे. एखाद्या दिवशी विसरलात तर आठवताच घ्यावी, पण दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर केंद्राला विचारावे.

एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. रक्तवाढीची लोहाची गोळी, कॅल्शियमची गोळी आणि पित्तावरचे पांढरे पातळ औषध या गोळीबरोबर रिकाम्या पोटी घेतले तर गोळीचा जोर कमी होतो. म्हणून आधी एचआयव्हीची गोळी द्यावी आणि निदान दोन तासांनी ही औषधे द्यावीत. ती आधी दिली गेली असतील तर सहा तास थांबावे. गरोदर बाईला लोह आणि कॅल्शियम लागतेच, म्हणून तिच्या घरच्यांनी हे नीट ध्यानात ठेवावे.

थोडे थोडे, पण सहा वेळा

भरलेले ताट पाहूनच आजाऱ्याला धास्ती वाटते. तेव्हा ताट लहान करावे आणि वेळा वाढवाव्यात. चिरनेरच्या घरात मिळणाऱ्या वस्तूंतूनच दिवस असा लावता येईल :

सकाळी उठल्यावर : तांदळाची मऊ पेज, त्यात चमचाभर तूप, चिमूटभर मीठ.
न्याहारी : उकडलेले अंडे आणि अर्धी भाकरी, किंवा नाचणीची खीर.
दुपारी : मऊ भात, मुगाचे वरण, शेवग्याच्या शेंगा किंवा पालेभाजी. जमल्यास बिनमसाल्याची मासळी.
तिसऱ्या प्रहरी : केळे किंवा पपई, मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि गूळ.
संध्याकाळी : मूग-तांदळाची खिचडी, वर तूप. किंवा कुळथाची पिठी आणि भात.
झोपताना : उकळलेले दूध. दूध पचत नसेल तर ताक.

घास थोडाच जाणार असेल तर त्या घासात ताकद घालावी. पेजेत शेंगदाण्याचे बारीक कूट घालावे. खिचडीत अंडे फेटून नीट शिजवावे. सुकट किंवा जवळा निवडून, धुऊन, वाळवून भाजावा, त्याची पूड करून ठेवावी आणि चमचाभर वरणात घालावी. बाजारातल्या महाग डब्याच्या पावडरीवर पैसे घालवण्याची गरज नाही.

जो माणूस कित्येक दिवस जवळजवळ उपाशीच आहे, फार खंगला आहे, त्याला मात्र एकदम पोटभर चारू नये. आधी दवाखान्यात दाखवावे आणि अन्न हळूहळू वाढवावे.

तक्रार तसा उपाय

मळमळ होते? मासळी तळताना, फोडणी देताना आजाऱ्याला पडवीत, मोकळ्या हवेत बसवावे. अन्न गरमगरम देण्याऐवजी कोमट द्यावे, म्हणजे वास कमी येतो. सकाळी उठल्याबरोबर सुकी भाकरी किंवा कुरमुरे द्यावेत. पाणी जेवताना घटाघट न पिता मधल्या वेळात प्यावे.

तोंड आले आहे? तिखट, आंबट, गरम बंद करावे. पेज, मऊ खिचडी, केळे, दूध द्यावे. मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या कराव्यात. दवाखान्यातून औषध आणावेच.

तोंडाला चव नाही? तोंड आलेले नसेल तर लिंबाची फोड, कोथिंबीर, आल्याचा तुकडा किंवा कोकम जेवणात असावे.

जुलाब होतात? ओआरएसची पुडी पाण्यात मिसळून द्यावी. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा असावा. घोट-घोट पाजावे. जेवण बंद करू नये.

पाणी उकळूनच द्यावे. कच्चे अंडे, अर्धवट शिजलेले मटण-मासे आणि शिळे अन्न टाळावे. दारू-ताडी आणि तंबाखू भूक मारतात, त्या सोडाव्यात. भूक लागावी म्हणून कोणाचाही काढा, भस्म किंवा टॉनिक डॉक्टरांना न विचारता देऊ नये.

ताबडतोब दवाखाना गाठा, जर

• दिवसभर पोटात काही टिकत नसेल
• गिळता येत नसेल
• अंगावर पुरळ उठले किंवा डोळे पिवळे झाले
• जोराची डोकेदुखी, ग्लानी किंवा धाप असेल
• ५० किलोच्या माणसाचे वजन महिन्यात अडीच किलो उतरले
• औषध सुरू झाल्यावर बरे वाटू लागले आणि मग पुन्हा ताप आला किंवा गळ्याला गाठी आल्या

शेवटचे लक्षण पाहून घाबरू नका. औषधाने अंगातली ताकद जागी होते, तेव्हा दडून बसलेला दुसरा आजार कधी कधी वर येतो. त्यावर इलाज आहे. पण आपल्या मनाने गोळी बंद करू नका.

ताट वेगळे का नको?

आजाऱ्याची ताटवाटी वेगळी, पेला वेगळा, बसायची जागा कोपऱ्यात. असे काही घरांत चालते. एचआयव्ही एका ताटात जेवल्याने, उष्टे पाणी प्यायल्याने, कपडे धुतल्याने किंवा मिठी मारल्याने पसरत नाही. तो असुरक्षित शरीरसंबंधाने, बाधित रक्ताने किंवा सुईने आणि औषध न घेतल्यास आईकडून बाळाला होतो. स्वयंपाकघरातून तो येत नाही.

एकट्याने कोपऱ्यात जेवणाऱ्याची भूक आणखी मरते. पंगतीत बसवा. शेजारी मुले बसू द्या. "खा, खा" म्हणून पाठीस लागू नका. बोलता बोलता दोन घास जास्त जातात.

चिरनेर हे १९३० सालच्या जंगल सत्याग्रहाचे गाव. २५ सप्टेंबरला येथील माणसे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली आणि गोळीबाराला सामोरी गेली. त्या गावात आजारी माणूस एकटा पडू नये.

नवरा-बायकोंसाठी दोन शब्द

दोघांपैकी एकाला लागण असेल तर दुसऱ्याने तपासणी करून घ्यावी. दोष देत बसू नये. निरोध वापरावा. रोज गोळी घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही. मूल हवे असेल तर आधी केंद्रात बोलावे. आईने वेळेवर औषध घेतले तर बाळाला बहुतेक वेळा वाचवता येते.

सरकारने १ एप्रिल २००४ पासून हे औषध मोफत देण्यास सुरुवात केली. मुंबईचे जे.जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांपैकी एक होते. २०१७ सालापासून एचआयव्ही आढळलेल्या प्रत्येकाला, आजार किती वाढला आहे हे न पाहता, औषध दिले जाते. क्षय असेल तर उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये बँक खात्यात मिळतात. एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. आजाऱ्याला वेगळे वागवणे आणि त्याची माहिती त्याच्या संमतीवाचून बाहेर फोडणे त्याने मना केले आहे. काही विचारायचे असेल तर १०९७ या क्रमांकावर फोन करा. पैसे पडत नाहीत.

आठवड्यातून एकदा, त्याच वारी, त्याच काट्यावर वजन करा आणि कागदावर लिहा. केंद्रात जाताना तो कागद बरोबर न्या. पहिल्या महिन्यात काटा हलला नाही तरी धीर सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. एक दिवस आजारी माणूस आपणहून हाक मारील, "वैनी, आज काय केलंय?" त्या दिवशी समजा, भूक परत आली.

लक्षात ठेवा :
गोळी रोज, जेवण थोडे थोडे, ताट सर्वांबरोबर!