शिकागोतला मोल्सवर्थ, वाईचा विश्वकोश

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा छापला गेला १८३१ साली. त्याची १८५७ची दुसरी आवृत्ती आता शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येते. खरी गंमत उलट्या शोधात आहे. नांगराचा इंग्रजी शब्द टाकून नोंदींचा सगळा मजकूर चाळला, की ज्या ज्या मराठी शब्दांच्या अर्थात तो आला आहे, ते सारे समोर येतात. शेतीवर प्रकल्प करणाऱ्याला आणखी काय हवं? छापील कोशात हे करायचं तर पानन् पान उलटावं लागलं असतं.

वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली आकाराला आलेला मराठी विश्वकोशही ऑनलाइन आहे. मात्र जुन्या नोंदींतली लोकसंख्या जशीच्या तशी वहीत उतरवू नये; ती छापील खंडाच्या काळातली असते. आकडा जनगणनेच्या संकेतस्थळावरून घ्यावा, आणि शेजारी सालही लिहावं.