ताप हृदयापर्यंत पोचतो तेव्हा

साध्या विषाणूजन्य तापानंतर काही जणांच्या हृदयाच्या स्नायूला सूज येते. तिला मायोकार्डायटिस म्हणतात. आजार विरळाच, पण त्याबद्दलच्या काही चुकीच्या समजुती जिवावर बेतू शकतात.

गैरसमज : इम्युनिटी वाढवली की हृदय सुरक्षित.

वस्तुस्थिती : कॉक्सॅकी बी हा पोटावाटे शिरणारा विषाणू घ्या. हृदयाच्या पेशीवरच्या एका ठरावीक प्रथिनाला चिकटून तो आत घुसतो. त्याचे एक विकर डिस्ट्रॉफिन हे प्रथिन कापते. स्नायूच्या पेशीला आकुंचनाचा ताण सोसण्याचे बळ याच प्रथिनामुळे मिळते. पहिल्या काही दिवसांतली ही हानी विषाणूची. तिला आवर घालते प्रतिकारशक्तीचे इंटरफेरॉन हे प्रथिन. त्याचा संदेश घेऊ न शकणारे उंदीर या संसर्गाने लवकर मरतात. म्हणजे प्रतिकारशक्ती हवीच.

पण त्यानंतर प्रतिकारशक्तीच्याच टी पेशी येतात आणि बाधित पेशी मारू लागतात. फुटलेल्या पेशींतून मायोसिनसारखी हृदयाची स्वतःची प्रथिने बाहेर पडतात. काही रुग्णांत शरीर त्यांनाच शत्रू समजते आणि विषाणू संपला तरी हल्ला थांबत नाही. अशा हृदयाचा स्नायू पातळ होतो, कप्पे फुगतात, पंपिंग मंदावते. हा हल्ला कधी सुरू व्हावा आणि कुठे थांबावा, हे कोणताही काढा किंवा पावडर ठरवू शकत नाही. ‘इम्युनिटी बूस्टर’च्या जाहिराती हा दुसरा टप्पा सांगतच नाहीत, आणि माझ्या मते ही गंभीर दिशाभूल आहे.

गैरसमज : मग स्टिरॉइड देऊन प्रतिकारशक्ती दाबून टाकावी.

वस्तुस्थिती : हे करून पाहिले गेले आहे. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत 111 रुग्ण होते. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांनी त्यांच्या हृदयाचे काम किंवा आयुर्मान सुधारले नाही. विषाणू जिवंत असताना पहारा उठवला, तर त्याला मोकळे रान मिळू शकते. मात्र जायंट सेल मायोकार्डायटिस या प्रकारात हीच औषधे लागतात. त्यामुळे काही वेळा हृदयाचा सूक्ष्म तुकडा तपासूनच निर्णय घ्यावा लागतो.

गैरसमज : धडधाकट तरुणाला काही होत नाही, घाम गाळला की ताप उतरतो.

वस्तुस्थिती : हा आजार तरुण पुरुषांत जास्त दिसतो. 1970च्या एका प्रयोगात कॉक्सॅकीची लागण झालेल्या उंदरांना पोहायला लावले, तेव्हा त्यांच्या हृदयातला विषाणू आणि मृत्यू दोन्ही वाढले. म्हणूनच मायोकार्डायटिस झालेल्या खेळाडूंना साधारण तीन ते सहा महिने स्पर्धेपासून दूर ठेवतात.

बहुतेक रुग्ण बरे होतात. पण तापानंतर छातीत दुखले, धाप लागली, धडधड वाढली किंवा भोवळ आली, तर जिम बंद ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ईसीजी, ट्रोपोनिन आणि इको या तपासण्यांबद्दल त्यांना स्वतःहून विचारा.