लोहस्तंभाची लांबी आणि सार्थ अंक

धार-देवासच्या मंडळींना लाट मशिदीची ओळख करून द्यावयास नको. दिलावरखानाने ती 1405 साली बांधली. तिच्याजवळच प्राचीन लोहस्तंभाचे तीन तुकडे ओट्यावर ठेवलेले आहेत. लाट म्हणजे खांब. मशिदीचे नावही त्यावरूनच पडले. वर्गात एककांचे रूपांतर शिकविताना मी हाच खांब उदाहरणास घेतो.

तुकड्यांची लांबी 24 फूट 3 इंच, 11 फूट 7 इंच आणि 7 फूट 6 इंच अशी नोंदलेली आहे. बेरीज 43 फूट 4 इंच, म्हणजे 520 इंच. एक इंच म्हणजे 2.54 सेंटिमीटर, म्हणून उत्तर येते 13.208 मीटर. गुणाकार निर्दोष आहे. तरीही हे उत्तर मी फळ्यावर तसेच राहू देत नाही.

कारण असे की, मूळ मापे इंचापर्यंतचीच आहेत. प्रत्येक मापात अर्ध्या इंचाची चूक संभवते. तिन्ही मिळून दीड इंच, म्हणजे सुमारे 4 सेंटिमीटर. मग शेवटचे 8 मिलिमीटर कोणी मोजले? कोणीच नाही. ते नुसत्या गुणाकारातून आले. ज्या अंकांना मोजणीचा आधार आहे, तेच सार्थ अंक. येथे ते तीन: 13.2 मीटर. हीच लांबी किलोमीटरमध्ये 0.0132 होते. शून्ये वाढली, तरी सार्थ अंक तीनच. एकक बदलल्याने आपले ज्ञान वाढत नाही.

दुसरा नियम असा की, अंकांची काटछाट अगदी शेवटी करावी. 1 एप्रिल 1957 रोजी रुपयाचे 100 नवे पैसे झाले, तेव्हा एक आणा 6.25 नव्या पैशांचा ठरला. सुट्या आण्याचे 6 पैसे धरले जात. असे सोळा आणे एकेक करून बदलले, तर हाती 96 पैसेच येतात. रुपयामागे चार पैशांची खोट! आधी आणे एकत्र करून मग बदलले, तर पुरे 100.

दशांशचिन्हापुढे जितके अंक अधिक, तितके उत्तर शास्त्रीय, असे मुलांना वाटते. आता मोबाइल क्षणात दहा अंक देतो, त्यामुळे हा मोह वाढला आहे. परंतु न मोजलेला अंक लिहिणे म्हणजे न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देणे होय. पालकांनी वही पाहताना एवढेच विचारावे: "बाळ, हा अंक मोजलेला आहे, की यंत्राने दिलेला?"