कळकलेल्या पिना, खरखरता आवाज

बेंगळूरूच्या एसपी रोडवर, म्हणजे सदर पत्रप्पा रोडवर, इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांची दुकानं खेटून उभी आहेत. जुन्या अॅम्प्लिफायरची केबल बदलण्याआधी इथून आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली आणा. खरखरीचं कारण पुष्कळदा तारेत नसतं, पिनेवर असतं. कल्हई उडालेलं भांडं कळकतं तसंच निकेलचा मुलामा झिजलेलं पितळ हिरवं पडतं. चांदीचा मुलामा हवेतल्या गंधकामुळे काळवंडतो. सोनं मात्र गंजत नाही.

आधी यंत्र बंद करून प्लग काढा. ९९ टक्क्यांचं अल्कोहोल घ्या. औषधाच्या दुकानातल्या ७० टक्केवाल्यात पाणी फार. कापसाच्या काडीनं पीन पुसा, सॉकेटमध्ये दोन-चारदा आतबाहेर करा आणि पूर्ण वाळू द्या. अल्कोहोल पेट घेतं, म्हणून तापलेली सोल्डरिंग आयर्न लांब ठेवा.

चिंच, लिंबू, पितांबरी देवघरातच बरी: आम्लाचा अंश फटीत राहिला तर धातू पुन्हा खातो. सॅंडपेपर तर नकोच. सोन्याचा थर बहुधा एका मायक्रॉनहूनही पातळ असतो.

पुसूनही खरखर राहिली, तर सोल्डरचा टाका तपासा. तो तडकला असेल, तर पुन्हा सोल्डर करा. पण ६.३५ मिमीचा जुना पितळी जॅक फेकू नका. एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमधून आलेली ही घडण आजही गिटारला चालते.