शेणाच्या वजनातून चाऱ्याचा हिशेब

20 जुलै 2020 रोजी, हरेली सणाच्या दिवशी, छत्तीसगडमध्ये गोधन न्याय योजनेचा आरंभ झाला आणि भिलाईच्या पोलाद कारखान्याभोवतीच्या दुर्ग जिल्ह्यातही गौठानांत शेण 2 रुपये किलो दराने तोलले जाऊ लागले. पशुपालकांनी त्या वजनाकडे उत्पन्न म्हणून पाहिले, हे स्वाभाविकच होते. परंतु त्याच वजनात आणखी एक उत्तर दडलेले असते: राऊताच्या राखणीत दिवसभर चरून आलेल्या गाईने नेमके खाल्ले किती?

दावणीला बांधलेल्या जनावरास घातलेला आणि उरलेला चारा तोलता येतो. चरणाऱ्या जनावराबाबत ती सोय नाही. म्हणून संशोधक उलट दिशेने जातात. चाऱ्यातील शुष्क पदार्थाचा न पचलेला भाग शेणातून बाहेर पडतो. शेणातील शुष्क पदार्थास या न पचलेल्या अंशाने भागले, की सेवन कळते.

समजा, 200 किलो वजनाच्या गाईने 24 तासांत 10 किलो शेण टाकले. त्यात शुष्क भाग सुमारे 20 टक्के, म्हणजे 2 किलो. पावसाळी गवताची पचनीयता 55 टक्के धरल्यास 2 भागिले 0.45, म्हणजे सुमारे साडेचार किलो शुष्क चारा, वजनाच्या 2.2 टक्के. मात्र गाय उन्हाळ्यात भाताच्या तणशीवर (छत्तीसगडीत ‘पैरा’) असेल आणि पचनीयता 42 टक्क्यांवर उतरली असेल, तर तेवढ्याच शेणाचा अर्थ जेमतेम साडेतीन किलो असा होतो. शेणाचा ढीग सारखाच, पण गाय अर्धपोटी!

गोठ्यातील शेण हे केवळ रात्रीचे असते. पूर्ण हिशेबासाठी एक दिवस दोन-तीन जनावरांमागे फिरून शेण गोळा करावे लागते. तेही ताजेच तोलावे. शेणकिडे काही तासांतच त्याचे गोळे करून नेतात वा खाली पुरतात. हिशेबात हा अडथळा असला, तरी चराऊ कुरणास मोठा लाभ आहे. पोवाभोवतीचे गवत गाय टाळते; शेण लवकर जमिनीत गेले, तर ते गवत पुन्हा खाण्याजोगे होते.

आता कुरणाची बाजू. अर्धा मीटर बाजूच्या चौकटीतील गवत कापून, वाळवून तोलावे. अशा अनेक चौकटींची सरासरी 40 ग्रॅम आली, तर हेक्टरी 1,600 किलो. 5 हेक्टरांत 8,000 किलो. दिवसाला 180 किलो लागणाऱ्या 40 जनावरांच्या कळपास हे 44 दिवस पुरेल, असे वाटते. प्रत्यक्षात पुनर्वाढीसाठी निम्मे गवत उभे राखावे लागते. उरलेल्यातील जवळपास निम्मे तुडवणे, कुजणे आणि कीटक यांत जाते. नाकतोडे खातात त्यापेक्षा अधिक पाती कुरतडून पाडतात. वाळलेले गवत वाळवी नेते. गाईच्या मुखात पडते ते चौथ्या हिश्शाएवढे, म्हणजे 2,000 किलो. पुरतील अकरा दिवस.

बाराव्या दिवशी कळप कोठे जाईल, हे झाडीपट्टीतील वाचकांस सांगावयास नको. उभ्या भातात फोकलेली लाखोळी तेथेही आहे आणि दुर्गमध्येही. तिकडे या पद्धतीस ‘उतेरा’ म्हणतात. खुल्या चराईची प्रथा मोडल्याशिवाय हे पीक हाती येत नाही. म्हणूनच तिकडे ‘रोका-छेका’ मोहिमेवर भर दिला गेला. परंतु जनावरे रोखायची, तर त्यांचे पोट आधी मोजले पाहिजे. याच कळपास 60 दिवस बांधून ठेवण्यास 10,800 किलो शुष्क चारा, म्हणजे सुमारे 12 टन तणस हाताशी हवी. कोरडी तणस जनावर पोटभर खात नाही. तिच्यात प्रथिने इतकी अल्प असतात, की पोटातील सूक्ष्मजीवांचे काम मंदावते. 100 किलो तणशीवर 50 लिटर पाण्यात विरघळवलेला 4 किलो युरिया शिंपडून ती 21 दिवस हवाबंद ठेवल्यास सेवन आणि पचन दोन्ही सुधारतात. खाऊ घालण्यापूर्वी ती उघड्यावर पसरून अमोनियाचा दर्प जाऊ द्यावा आणि सहा महिन्यांखालील वासरांना ती देऊ नये.